सव्वापाच वर्षांच्या मुलाची एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) तपासणी नीट कशी आणि कुठे करून घ्यावी?

नमस्कार. माझा मुलगा सव्वापाच वर्षांचा, सीनियर केजीत आहे. जूनमध्ये पहिलीत जाईल. बाई म्हणतात, जागेवर बसत नाही, दोन अक्षरं लिहिली की उठतो, दुसऱ्याचा नंबर असला तरी मध्येच घुसतो. इथल्या एका डॉक्टरांनी त्याला दहा मिनिटं बघितलं आणि थेट औषध लिहून दिलं. ते मी अजून सुरू केलेलं नाही.

काहीच नाही असं माझं म्हणणं नाही. बाजारात हात सोडून सरळ गाड्यांपुढे पळतो, तेव्हा माझ्या काळजाचं पाणी होतं. सासूबाई सांगतात की ह्याचे बाबाही लहानपणी असेच होते, आणि हे घराण्यात चालतं म्हणतात, म्हणून तेही मी मनावर घेतलंय. मातीत खेळताना मात्र तासभर हलत नाही. पण आवडीच्या खेळात रमतो एवढ्यावरून एडीएचडी नाही असं ठरत नाही, हे वाचलंय.

रक्ततपासणीत किंवा एमआरआयमध्ये याचं निदान होत नाही. लक्षणं किमान ६ महिने, घरी आणि शाळेतही, वयाच्या मानाने जास्त दिसावी लागतात. त्यासाठी पालक आणि शिक्षक दोघांकडून माहिती घ्यायची असते. आमच्या शाळेला कुणी एक प्रश्नही विचारला नाही. त्यात याचा जन्म डिसेंबरचा, वर्गात सगळ्यात लहान, आणि वर्गातल्या धाकट्या मुलांवर हा शिक्का जास्त बसतो असं बऱ्याच देशांत आढळलंय. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांतही ६ वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण (मुलाचं वागणं कसं हाताळायचं याचं) आहे, औषध त्यानंतर. मग आम्हाला ती पायरी कुणी का सांगितली नाही?

आणखी एक, तो रात्री घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो. अ‍ॅडेनॉइडमुळे (नाकामागची गाठ वाढल्यामुळे) झोप मोडली तरी मुलं अशी चंचल होतात ना? मग आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऐकण्याचीही तपासणी करून घ्यावी का?

आम्ही नाशिकला असतो, पुण्या-मुंबईला यायची तयारी आहे. इतक्या लहान मुलाचं मूल्यमापन कुणी डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे (मुलांच्या वाढ-विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे) करून घेतलंय का? किती बैठका लागल्या, शाळेकडून काय लिहून मागितलं? पालकांचं प्रशिक्षण मराठीतून कुठे मिळतं? आणि पहिलीचा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून कुणाच्या मुलाला फरक पडला असेल, तर तेही कृपया सांगा.