सुट्टीत हॉटेलच्या रूमवर काय जेवता? अनुभव आणि जुगाड सांगा

दिवाळीच्या सुट्टीत ८ दिवस जयपूर-जोधपूर-जैसलमेर करतोय. सोबत सासूबाई, वय ७४, कवळी आहे आणि तिखट अजिबात चालत नाही, आणि ६ वर्षांचा मुलगा ज्याला रात्री वरणभात नाहीतर उपमा एवढंच लागतं. मागच्या वर्षी केरळला रोज रात्री नऊला दमून यायचं, परत खाली उतरायचं, ऑर्डर येईपर्यंत पोरगं टेबलावर डोकं ठेवून झोपलेलं. म्हणून यंदा ठरवलंय की नाश्ता हॉटेलचा, दुपारी जिथे असू तिथलं आणि फक्त रात्रीचं रूमवर. पैसे वाचवायला नाही हो, परत चपला घालायच्या नाहीत म्हणून.

माझ्याकडून सुरुवात करते. रवा तुपावर खमंग भाजायचा, फोडणीत कढीपत्ता आणि मिरची अगदी कुरकुरीत होईपर्यंत परतायची, म्हणजे ओल राहत नाही, मीठ-साखर घालून पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरायचं. रूमवर १ वाटी मिक्सला २ वाट्या उकळतं पाणी, झाकण लावायचं आणि डबा टॉवेलमध्ये गुंडाळून १० मिनिटं विसरून जायचं. टॉवेल महत्त्वाचा आहे, नाहीतर रवा कचकच लागतो. अजून काय काय नेता तुम्ही?

*

केटलमध्ये पाण्याशिवाय काही घालू नका, हे मी पैसे भरून शिकलोय. मुलीसाठी दूध गरम करायला गेलो, एका मिनिटात फसफसून टेबलावर, खाली टीव्हीच्या रिमोटवर, आणि तळाला जे करपलं ते दोन दिवस घासूनही निघालं नाही. चेकआउटला केटलचे पैसे लावले, बरोबरच होतं त्यांचं. आता आमच्याकडे मिल्क पावडर.

*

मी महाबळेश्वरला एका हॉटेलात ४ वर्षं हाउसकीपिंग बघायचे त्यामुळे दुसरी बाजू सांगते. रूममध्ये खाल्लंत तर आमची ना नाही, पण बेसिनमध्ये भात आणि चहाची पावडर ओतू नका. सुट्टीच्या दिवसात दर दोन दिवसांनी एक बेसिन तुंबायचं. उरलेलं पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवा, मुलं घेऊन जातात. आणि इंडक्शन आणून फोडणी देणारे पण असतात, मग स्मोक डिटेक्टर वाजला की सगळा मजला नाइटीवर बाहेर. बहुतेक ठिकाणी रूममध्ये स्वयंपाक चालत नाहीच, आधी विचारा. आणि एक, किचनला फोन करून साधा भात आणि बिनतिखटाचं वरण मागितलं तर बऱ्याचदा देतात, मेनूत नसलं तरी. लोक विचारतच नाहीत.

*

लेहचं सांगतो. ट्रॅव्हल कुकर नेलेला, झाकण नुसतं वर ठेवायचं असतं तो. पहिल्याच रात्री डाळ-तांदूळ लावले, पाऊण तास झाला तरी डाळ दाताखाली टणक. मला वाटलं कुकर बिघडला. मग डोक्यात प्रकाश पडला, ३५०० मीटरवर पाणी ८८ अंशाच्या आसपासच उकळतं, त्यामुळे नुसतं उकळून डाळ शिजायचं नाव घेत नाही, प्रेशर कुकरच लागतो. त्या रात्री बायकोने आणलेल्या सातूच्या पिठाने वाचवलं. गूळ, पाणी, चिमूटभर मीठ, शिजवायची भानगडच नाही. त्या आधी मी त्या पिठाला म्हाताऱ्यांचं खाणं म्हणायचो, आता गप्प बसतो.

*

दशम्या. बाकी काही नको. दुधात भिजवलेल्या, तीन दिवस मऊ राहतात. सोबत सोलापुरी शेंगाचटणी. केटल नको नि प्लग नको.

*

जपानला गेलो होतो तेव्हा नवऱ्याने घरचा छोटा इलेक्ट्रिक कुकर आणला हौसेने, प्लगचा अडॅप्टर पण घेतला, पण अडॅप्टर नुसता पिन बदलतो, व्होल्टेज नाही. तिथे १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबात पडते त्यामुळे कुकर पाचव्या हिश्श्याच्याही खाली चालत होता, तासाभराने पाणी कोमट. उलटं केलंत, म्हणजे तिकडचा कुकर इकडे लावलात तर जळेल. घ्यायचाच तर ११०/२२० चं बटण असलेला घ्या. शेवटी तिथल्या दुकानात शिजवलेल्या भाताची सीलबंद वाटी मिळते ती आणायचो, मजल्यावर मायक्रोवेव्ह होता, दोन मिनिटं गरम करून त्यावर मेतकूट आणि तूप. क्योतोच्या त्या इवल्याशा खोलीत मांडीवर टॉवेल घेऊन खाल्लेला मेतकूट भात अजून आठवतो. शाकाहारी असाल तर तिथल्या सूपबिपच्या भानगडीत पडू नका, बहुतेकात माशाचा अर्क असतो.

*

दुबईला येणाऱ्यांनी प्लीज खसखस आणू नका. इथे बंदी आहे, गंमत नाही. अनारशावर लावलेली असते, काहींच्या गोड्या मसाल्यात असते, करंजीच्या सारणात असते, लक्षातच येत नाही. आई दर वर्षी फराळ पाठवते तेव्हा मी आधी फोन करून विचारते. आणि विमानात चेक-इन बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पण टाकू नका, खोबरं तेलकट असल्यामुळे पेट घेऊ शकतं म्हणून चालत नाही. चटणीला खोबरं घालायचं असेल तर त्याऐवजी तीळ-शेंगदाणे घाला, सुटसुटीत.

*

अहो तुम्ही फिरायला जाताय का डबा खायला? जोधपूरला जाऊन उपमा?? तिथला मिरची वडा, प्याज कचोरी, गट्टे सोडून? आम्ही कोल्हापूरकर, सोबत फक्त लसणाची चटणी नेतो, ती पण रस्सा अळणी निघाला तर. बाकी रूम झोपायला असते.

*

वरच्या दादांना कवळीवाल्या सासूबाई आणि ६ वर्षांचं पोरगं आठ दिवस उसने द्या, मग बोलतील :)

*

युरोपला एकच सांगते, रूममध्ये केटल असेलच असं धरून चालू नका, आमच्या ६ पैकी २ हॉटेलात होती. स्वतःची फोल्डिंगवाली न्या. आणि रविवारी स्वित्झर्लंडमध्ये दुकानं बंद, आम्ही शनिवारी काही घेतलं नव्हतं. रेल्वे स्टेशनमधली दुकानं उघडी असतात हे रात्री आठला कळलं. नळाचं पाणी पितात तिथे, उगाच बाटल्या घेऊ नका.

*

धागा काढणारी मीच. परवा आलो परत. जैसलमेरला किचनवाल्याला विचारलं, खरंच साधं वरण करून दिलं, वर तुपाची वाटी त्याने आपणहून ठेवली. मुलगा दोन रात्री उपमा खाऊन कंटाळला. आणि सासूबाईंनी जोधपूरला मिरची वडा मागवला, आतली मिरची काढून माझ्या ताटात, वरचं आवरण आणि बटाटा स्वतः. दुसऱ्या दिवशी परत तेच. उपम्याचं मिक्स निम्मं परत आलंय, या आठवड्यात डब्याला तेच जातंय.