जपानहून भाच्यासाठी पोकेमॉन कार्डं आणायचीत, खरी कुठे मिळतील आणि कशी ओळखू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीची. गणपती झाले की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीच्या ट्रेनिंगसाठी नऊ दिवस जपानला जातेय, सहा दिवस तोक्यो आणि तीन दिवस ओसाका. दिवसभर ट्रेनिंग आहे, संध्याकाळ मोकळी आणि मधला एक शनिवार पूर्ण मोकळा. बाकी खरेदीचं माझं मी बघेन, पण या कार्डांमधलं मला काहीच कळत नाही म्हणून इथे विचारतेय.

भाचा सहावीत आहे, बहिणीचं घर देवबागला, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. त्याला तीन वर्षांपासून या कार्डांचा नाद आहे. सुरुवात आंगणेवाडीच्या जत्रेतून झाली, तिथे खेळण्यांच्या दुकानात सोनेरी चकचकीत कार्डांचा गठ्ठा मिळतो ना, तो भावोजींनी घेऊन दिला. मग कुडाळला गेलं की एक गठ्ठा, मालवणच्या बाजारात गेलं की एक गठ्ठा असं करत बिस्किटाचा डबा भरला. गेल्या वर्षी वर्गात मुंबईहून बदली होऊन आलेला एक मुलगा आला, त्याच्याकडे खरी कार्डं होती, त्याने सांगितलं की तुझी सगळी नकली आहेत. पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही. नंतर बहिणीने ऑनलाइन एका विक्रेत्याकडून बॉक्स मागवला तर तोही नकलीच निघाला, बाराशे रुपये गेले. आणि वर पावसाळ्यात डब्याला गंज चढला, आतली कार्डं वाकून कौलासारखी झाली, काहींवर बुरशी.

या उन्हाळ्यात त्याने आजोबांच्या बागेत काजूच्या बिया वेचल्या, विकल्या आणि ११४० रुपये जमवले. मी जपानला जाणार म्हटल्यावर ते सगळे पैसे पाकिटात घालून माझ्या हातात दिले आणि सोबत वहीच्या कागदावर यादी. म्हणाला, "गे मावशी, हीच कार्डा हाड, दुसरी नको." माझे मी वर आठ हजार घालणार आहे, पण त्याचे ११४० कुठल्यातरी नकली कागदावर गेले तर मला स्वतःला माफ करता येणार नाही, म्हणून एवढं खोलात जाऊन विचारतेय.

यादी अशी. पोकेमॉन कार्ड १५१ नावाच्या जपानी सेटमधली स्क्वर्टल, सायडक, टेंटाकूल, क्रॅबी, हॉर्सी, स्टारयू, मॅजिकार्प, लॅप्रास. सगळी पाण्यातलीच, समुद्राकाठचं पोर ते. आणि नववं म्हणजे परत मॅजिकार्पच, पण वेगळ्या सेटमधलं, त्याने नंबर लिहून दिलाय ०८०/०७३ आणि पुढे एआर. एका पानावर नऊ खिसे असलेली फाइल मिळते म्हणे, त्याला ते एक पान पूर्ण भरायचंय. त्या नवव्या कार्डाचा फोटो त्याने भावोजींना दाखवला तर ते म्हणाले, "ह्यो खंयचो मासो?" आणि मग दोघं बराच वेळ तो फोटो बघत बसले होते.

तर प्रश्न असे की बंद बॉक्स घेऊन त्यातून ही निघतात का की सुटी मिळतात, सुटी मिळत असतील तर कुठल्या भागात जाऊ, दुकानदार फसवतात का तिथेही, जपानी येत नाही तर मागू कसं, टॅक्स फ्री वगैरे काय असतं ते कार्डांना लागू आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आणल्यावर देवबागच्या दमट हवेत ही टिकवायची कशी. ज्यांनी तिथून खरेदी केलीय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, पहिली गोष्ट म्हणजे बॉक्स अजिबात घेऊ नका. १५१ चा सेट जून २०२३ मध्ये आला, तेव्हा पाकीट २९० येनला होतं, पाकिटात ७ कार्डं आणि बॉक्समध्ये २० पाकिटं. आता ते बॉक्स मूळ किमतीच्या कितीतरी वर विकले जातात आणि एवढे पैसे घालून हवी ती आठ निघतीलच असं नाही. यादी आहे म्हणजे सुटीच घ्यायची.

तुमच्या भाच्याने यादी फार विचार करून केलीय. १५१ सेटमध्ये प्रत्येक पोकेमॉन प्राण्याचा जो ठरलेला मूळ क्रमांक तोच कार्डाचा नंबर असतो, त्यामुळे शोधायला एकदम सोपं. स्क्वर्टल ००७, सायडक ०५४, टेंटाकूल ०७२, क्रॅबी ०९८, हॉर्सी ११६, स्टारयू १२०, मॅजिकार्प १२९, लॅप्रास १३१, आणि सगळ्यांच्या पुढे तिरकी रेघ देऊन १६५. कार्डाच्या खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सेटचा कोड आणि हा नंबर असतो. जपानी वाचता आलं नाही तरी नंबर वाचता येतो, दुकानदारही नंबरावरूनच काढून देतात. या आठांची साधी आवृत्ती खूप स्वस्त असते, एकेक कार्ड काही दहा येनांत. फक्त एक लक्षात ठेवा, याच सेटमध्ये या कार्डांची चमकणारी आवृत्ती पण आहे, पुढच्या बाजूवर बॉलची नक्षी असलेली, त्यात मास्टर बॉलची नक्षी असेल तर भाव एकदम चढतो. नंबर तोच असतो, म्हणून किंमत बघून दचकू नका, साधं मागा.

नववं मात्र वेगळं प्रकरण आहे. ०८०/०७३ म्हणजे २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या ट्रिपलेट बीट सेटमधलं मॅजिकार्प, कोड एसव्ही वन ए. एआर म्हणजे आर्ट रेअर, ही तशी फार वरची श्रेणी नव्हे पण हे चित्र लोकांना इतकं आवडलं की बाकीच्या एआर कार्डांपेक्षा ते कितीतरी महाग झालं. हजारो येन धरून चला. तुमचं बजेट बहुतेक त्या एकाच माशावर जाणार.

प्रतिसाद २

मी दोन वर्षं तोक्योत होतो, आता परत देवगडला. जागांबद्दल सांगतो.

अकिहाबारा स्टेशनच्या समोरच रेडिओ कैकान नावाची इमारत आहे, तिच्यात वेगवेगळ्या मजल्यांवर कार्डांची दुकानं आहेत, आजूबाजूच्या गल्ल्यांत तर विचारूच नका. सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही, बरीच दुकानं अकराच्या आसपास किंवा त्यानंतर उघडतात आणि संध्याकाळी आठपर्यंत असतात, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावर तुम्हाला जमेल. दुसरं नाकानो ब्रॉडवे, शिंजुकूहून चुओ लाइनच्या रॅपिड गाडीने पुढचंच स्टेशन, मांदाराके या जुन्या वस्तूंच्या दुकानाची सुरुवात तिथलीच, थोडं शांतपणे बघता येतं. ओसाकात निप्पोनबाशीचा देनदेन टाउन भाग. पोकेमॉन सेंटर ही कंपनीची स्वतःची दुकानं आहेत, इकेबुकुरोच्या सनशाइन सिटीत मोठं आहे, तिथे भाच्यासाठी फाइल, स्लीव्ह (एकेका कार्डाचं पारदर्शक कव्हर) असलं सामान घ्या, पण सुटी कार्डं तिथे मिळत नाहीत, तिथे फक्त नवीन बंद पाकिटं, आणि तीही नवा सेट आला की लॉटरी किंवा माणशी मर्यादा.

तिथे पोकेमॉन कार्डाला पोकेका म्हणतात. काचेच्या कपाटात किंमत लावून ठेवलेली असतात, बोट दाखवून "कोरे कुदासाई" म्हटलं की झालं, काही ठिकाणी शेजारी चिठ्ठ्या असतात त्यावर कपाटाचा आणि कार्डाचा नंबर लिहून काउंटरवर द्यायची. स्थितीला जोताई म्हणतात, ए म्हणजे चांगलं, बी म्हणजे कडेला थोडं पांढरं पडलेलं किंवा बारीक ओरखडा, ओरखड्याला किझु म्हणतात. महाग कार्ड घेताना बीमध्ये बघा, फाइलीत घातल्यावर फरक कळत पण नाही आणि भाव बराच खाली असतो. मी स्वतःसाठी नेहमी बीच घेतली, विकायचं नसेल तर एच्या मागे लागण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ओरिपा नावाच्या पाकिटांना हात लावू नका. दुकानाने स्वतःच भरलेली पाकिटं असतात ती, बाहेर एखाद्या भारी कार्डाचा फोटो, आत बहुतेकदा किरकोळ. फसवणूक नव्हे, सरळ नशिबाचा खेळ आहे, पण काजूच्या पैशांनी तो खेळू नये.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार, इतकं नीट कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. नंबरांचं ऐकून तर मी उडालेच, तो कागद घेऊन परत बघितलं तर खरंच भाच्याने प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात नंबर लिहिला होता, मला वाटलं होतं की त्याने किमती लिहिल्यात. देवगडकर दादा, खरं-खोटं ओळखायचं कसं तेवढं सांगाल का? दुकानात नाही तरी घरी त्याला दाखवायला, म्हणजे पुढच्या जत्रेत तो स्वतः ओळखेल.

प्रतिसाद २

अकिहाबाराच्या नावाजलेल्या दुकानात नकलीची भीती जवळजवळ नाही, ते विकत घेतानाच तपासून घेतात. ओळखायचं म्हणाल तर गठ्ठ्यातली सगळीच कार्डं सोनेरी किंवा सगळीच भारी असतील तर ती नकली समजा, खऱ्या पाकिटात बरीचशी साधीच निघतात. जपानी कार्डाची मागची बाजू इंग्रजी कार्डाच्या मागच्या बाजूपेक्षा वेगळी असते, तेव्हा पुढे जपानी आणि मागे इंग्रजी असा प्रकार दिसला की सोडून द्या. एसआर, एसएआर अशा वरच्या श्रेणीच्या कार्डांवर बोट फिरवलं की बारीक नक्षी हाताला लागते, नकली गुळगुळीत असतं. माप ६३ बाय ८८ मिलिमीटर, जत्रेतली अनेकदा जरा लहान-मोठी कापलेली असतात, भाच्याला पट्टी लावून मोजायला सांगा.

टॅक्स फ्रीबद्दल, एकाच दुकानात एकाच दिवशी कर सोडून ५००० येन किंवा त्याहून जास्त खरेदी झाली तर पासपोर्ट दाखवून १० टक्के कर वाचतो, त्याला मेनझेई म्हणतात. सगळ्याच कार्डवाल्यांकडे ही सोय नसते, आधी विचारा. मासा आणि बाकीची आठ एकाच दुकानात मिळाली तर तुमचं सहज बसेल. मूळ पासपोर्टच लागतो, झेरॉक्स चालत नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून ही पद्धत बदलतेय, आधी पूर्ण कर भरायचा आणि देश सोडताना परतावा घ्यायचा, पण तुम्ही ऑक्टोबरात जाताय म्हणजे जुन्याच पद्धतीत. बिलं जपून ठेवा. नऊ सुटी कार्डं घरच्या वापराची आहेत हे कोणालाही कळतं, एकसारखे दहा बंद बॉक्स आणले तर मात्र कस्टमवाल्याला धंदा वाटणारच.

प्रतिसाद ३

वेंगुर्ल्याहून लिहितेय, माझ्या मुलाची कार्डं आहेत, चार पावसाळे काढलेत म्हणून टिकवण्याचं मी सांगते.

कार्ड वाकतं ते का ते आधी बघा. कार्ड म्हणजे कागद आणि चमकणाऱ्या कार्डावर वरून फॉइलचा थर. कागद दमट हवेत पाणी ओढून फुगतो, फॉइल फुगत नाही, मग कार्ड चमकणाऱ्या बाजूकडे वाकतं. म्हणून साधी आठ फार त्रास देणार नाहीत, पण तो मासा देईल. विकत घेतल्या घेतल्या पातळ स्लीव्हमध्ये घाला, माशाला त्यावर कडक प्लॅस्टिकचं टॉपलोडर. स्लीव्ह तिथे शंभर येनवाल्या दुकानात पण मिळतात, डाइसोमध्ये बघा. येताना सगळं हँडबॅगेत, चेक-इनमध्ये टाकू नका.

घरी आल्यावर बिस्किटाचा पत्र्याचा डबा बाद. खाऱ्या हवेत पत्रा टिकत नाही हे आपल्याला काय सांगायचं. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात फाइल उभी ठेवा आणि रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलला की काढून गरम करून वाळवायच्या आणि परत टाकायच्या. फाइल घेताना पीव्हीसीची पानं नकोत, पॉलिप्रोपिलीन लिहिलेली बघा. डबा चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, जुलैत त्या भिंती आतून ओल्या असतात, आतल्या खोलीत लाकडी कपाटात मधल्या फळीवर ठेवा. आणि मुलाला सांगा, मुसळधार पाऊस असेल त्या दिवशी डबा उघडून मित्रांना दाखवत बसायचं नाही. आमच्याकडे हाच नियम पाळायला सगळ्यात कठीण गेला.

धागाकर्ती

ताई, चमकणाऱ्या बाजूकडे वाकतं हे वाचून डब्यातली जुनी कार्डं बघायला बहिणीला फोन केला, तंतोतंत तसंच आहे. सिलिका जेल आणि डबा आत्ताच घेऊन ठेवते.

भाच्याशी पण बोलले. त्याला सांगितलं की मासा खूप महाग आहे, बीवालं घेतलं तर कडेला थोडं पांढरं असेल, चालेल का, की त्याऐवजी त्याच सेटमधलं साधं स्वस्तातलं मॅजिकार्प आणू आणि उरलेल्यात दुसरं काहीतरी. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "कोपरो घासलेलो असलो तरी चलात, मासो मात्र तोच होयो." म्हणजे ठरलं.

आता शनिवारी दुपारी आधी नाकानो आणि नाही मिळालं तर तिथून अकिहाबारा असा विचार आहे. शनिवारी अकिहाबाराला संध्याकाळी खूप गर्दी असते का, की उलट करू, आधी अकिहाबारा आणि मग नाकानो? कोणाला अनुभव असेल तर तेवढं सांगा.