रंगीत रसायनांत धुतली जाणारी कृष्णधवल फिल्म : कोकणापुरते उत्तर

रत्नागिरीत फक्त रंगीत रोल धुऊन मिळत असल्यास इलफर्डची एक्सपी२ सुपर ही कृष्णधवल फिल्म घ्यावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अवश्य घ्यावी. रंगीत रोल ज्या सी-४१ प्रक्रियेने धुतात, तिच्यातच हीही धुतली जाते; या प्रक्रियेत चांदी शेवटी पूर्ण काढून टाकली जाते आणि प्रतिमा रंगद्रव्याची उरते; त्यामुळे स्कॅनरची अवरक्त किरणांनी धूळ टिपणारी सोय, जी नेहमीच्या चांदीच्या फिल्मवर फसते, येथे नीट चालते, आणि दमट हवेत निगेटिव्हवर कचरा किती चिकटतो हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता ४०० आयएसओ आहे, पण मी ती कॅमेऱ्यावर २०० लावून, म्हणजे दुप्पट प्रकाश देऊन वापरतो, कारण हिच्यात प्रकाश जास्त पडला की कण उलट बारीक होतात. जांभ्याच्या चिऱ्यांची सावली आणि दुपारची चकाकती वाळू एकाच चौकटीत असली, तरी दोन्हींत तपशील राहतो.

घरी धुणार असाल, तर मे महिन्यात नेहमीच्या कृष्णधवल फिल्मसाठी नळाचे पाणी २० अंशांपर्यंत थंड करण्यापेक्षा सी-४१साठी ते ३८ अंशांपर्यंत तापवणे मला सोपे वाटते.

याच प्रकारची कोडॅकची बीडब्ल्यू४००सीएन २०१४ मध्ये बंद झाली. तिचे जुने रोल स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. मात्र रंगद्रव्य चांदीइतके टिकाऊ नसते, म्हणून धुतलेल्या निगेटिव्ह सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात, विशेषतः पावसाळ्यात.