तिकिटावरून स्टेशन ओळखा
फल (function) म्हणजे प्रत्येक क्ष ला (जे देतो त्याला) ठरलेला एकच य (जे मिळतं ते). फलात एका क्ष ला दोन य चालत नाहीत, असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय ते बरोबर. पण त्याच पोस्टमधलं 'दोन क्ष ना एकच य आला तर ते फल नाही' हे साफ चूक. माझ्या भाचीचंही इथेच अडलं होतं. ठाणे स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत तिला म्हटलं, बघ, कळवा, मुंब्रा, मुलुंड, तिन्हीचं सेकंड क्लासचं भाडं 5 रुपये. स्टेशन सांगितलं की भाडं एकच निघतं, म्हणजे फल. आता नुसतं '5 रुपयांचं द्या' म्हण! खिडकीतले काका खेकसतील, "कुठलं?" भाड्याकडून स्टेशनाकडे असा उलटा संबंध (म्हणजे नुसत्या जोड्या) आहे, पण फल नाही.

संख्येच्या वर्गाचंही (square) तेच: 3 आणि -3 दोघांचा 9, बिनधास्त चालतं. आणि 3 घटकांच्या संचाकडून 2 घटकांच्या संचाकडे संबंध होतात 64, त्यांतली फलं फक्त 8. मोजून बघा.