आईच्या कॉन्व्हेंट शाळेचा इतिहास कुठे सापडेल? (नाशिक)

गोदाकाठची:
आई १९६८ची, जुन्या अकरावीची मॅट्रिक. मुलींची शाळा, सिस्टर चालवायच्या. दिवाळीनंतर तिच्या बॅचच्या बायका जमणार आहेत आणि शाळेवर चार पानं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. शाळेच्या जुन्या स्मरणिकेत दीड पान शुभेच्छा आणि बाकी सगळे फोटो. आई म्हणते, गोऱ्या सिस्टर देवळालीच्या लष्कराबरोबर आल्या. मामा म्हणतो, केरळातून. सुरुवात कुठून करू?

पंचवटीकर:
एवढं काय त्यात? शरणपूर. मिशन १८५४ पासून आहे, नाशकातल्या सगळ्या ख्रिस्ती शाळा तिथूनच निघाल्या.

जुनी_ऑफिसवाली:
पंचवटीकर, तिथेच तर सगळ्यांची गल्लत होते. शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे प्रॉटेस्टंट. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. १८७३ मध्ये आफ्रिकेत संशोधक-प्रवासी लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तिथलीच काही होती. इतिहास मोठा आहे, पण कॅथलिक सिस्टरांचा नाही. त्यांचा कारभार वेगळा, बिशप वेगळा. नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत तर १९८७चा, त्याआधी सगळं पुण्याकडे.

गोदाकाठची, मी अशाच एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, निवृत्तीपर्यंत. माझं ऐकाल तर कोनशिलेचा फोटो काढून घरी येऊ नका. कोनशिलेवर पाहुण्याचं नाव असतं, शाळा असते जनरल रजिस्टरात, म्हणजे प्रत्येक मुलीच्या प्रवेशाची नोंद असते त्या वहीत. ते रद्दीत जात नाही, कायम जपावं लागतं. आमचं पहिलं रजिस्टर लाल कापडी बांधणीचं होतं, उघडायला दोन हात लागायचे, आणि निळी शाई पार तपकिरी झालेली. ‘पालकाचा व्यवसाय’ हा रकाना वरून खाली वाचत गेलं की नाशिक कसं वाढलं ते कळतं. आधी रेल्वे, मिलिटरी, सिक्युरिटी प्रेस. मग १९६४ला ओझरला मिग विमानांचा एच.ए.एल.चा कारखाना आला आणि पाठोपाठ ‘एच.ए.एल.’ लिहून लिहून हात दुखला असणार त्या काळच्या क्लार्कचा. पुढे सातपूर, अंबडचे कारखाने.

‘शाळा सोडल्याचे कारण’ हाही रकाना बघा. ‘वडिलांची बदली’ बरंच सापडेल. ‘विवाह’ही सापडेल, नववीतल्या मुलीपुढे. तिथे मी दर वेळी थांबायचे. आणि मुलींच्या शाळेत मुलग्यांची नावं दिसली तर दचकू नका. आमच्याकडे चौथीपर्यंत मुलगे घ्यायचे, मग दाखला हातात देऊन वाटेला लावायचे.

सिस्टरांचं म्हणाल तर आधी त्या कोणत्या धर्मसंघाच्या ते विचारा, नावापुढची अक्षरं उतरवून घ्या. डॉटर्स ऑफ द क्रॉस हा संघ १८३३चा, बेल्जियममधल्या लिएजचा. पाचगणीचं सेंट जोसेफ त्यांचं. जीझस अँड मेरीच्या फ्रान्सहून १८४२ला आग्र्याला उतरल्या. पण सगळ्याच काही बोटीतून आल्या नाहीत. कार्मेलच्या सिस्टरांचा एक संघ केरळात कूनम्माव इथे १८६६ला निघाला, म्हणजे मामा अगदीच चुकीचा नसेल. प्रत्येक कॉन्व्हेंटमध्ये रोजनिशीसारखी एक वही ठेवतात, तिला क्रॉनिकल म्हणतात. ती शाळेची नसते, संघाची असते, त्यामुळे मुख्याध्यापिकेकडे मागून उपयोग नाही. कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टरना, म्हणजे सुपिरिअरना, पत्र लिहा.

गोदाकाठची:
ताई, किती दिलंत! एकच अजून. आईच्या वर्गात कुलकर्णी, पाटील, शहा भरपूर होत्या. इंग्रजी माध्यमात तेव्हा सर्रास प्रवेश मिळायचा?

कॅम्पातला_वकील:
मिळाला, तो आपल्या देवळालीमुळे! ६ जानेवारी १९५४ला मुंबई सरकारने हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे फक्त अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाची नसलेली मुलं घ्यायची. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलमध्ये एक मेजर मुलीला घेऊन आले, ख्रिस्ती, घरात इंग्रजी बोलणारे. अँग्लो-इंडियन नाहीत म्हणून परत पाठवावं लागलं. मग एका गुजराती डॉक्टरांच्या मुलाचं तेच. प्रकरण हायकोर्टात गेलं, सरकार हरलं, सुप्रीम कोर्टात गेलं, तिथेही हरलं, २६ मे १९५४. आधार घटनेचं कलम २९(२): सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत केवळ भाषेवरून प्रवेश नाकारता येत नाही. बार्न्स काही कॅथलिक नाही आणि फक्त मुलींचीही नाही, पण दार उघडं राहिलं ते सगळ्यांसाठीच. हुकूम टिकला असता तर तुमच्या आईच्या वर्गातल्या कुलकर्णीबाई दुसरीकडेच शिकल्या असत्या.

पंचवटीकर:
हे माहीतच नव्हतं. शरणपूर मागे घेतो.

जुनी_ऑफिसवाली:
वकीलसाहेब, झकास. गोदाकाठची, मग रजिस्टरात १९५४चे जानेवारी ते जून मुद्दाम बघा, आडनावं मोजा. आईच्या दाखल्यावरचा रजिस्टर नंबर घेऊन जा, नाहीतर क्लार्क तुम्हाला बसवून ठेवेल. आणि जूनमध्ये जाऊ नका, दाखल्यांच्या गर्दीत मीसुद्धा कुणाला कपाट उघडून दिलं नसतं.