मराठी इनस्क्रिप्ट निवडल्यावर कंट्रोल + / चालत नाही

ऐरोलीकर
नमस्कार. ऐरोलीतील आमच्या कार्यालयात मराठी मजकूर संपादनासाठी ब्राउझरमध्ये चालणारे एक साधन आम्ही तयार करत आहोत. त्यात टीप जोडण्यासाठी कंट्रोल + /, शोधासाठी कंट्रोल + के आणि पुढील परिच्छेदावर जाण्यासाठी नुसती ‘जे’ ही कळ, असे शॉर्टकट आहेत. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची कळफलकाची मांडणी) निवडले की हे तिन्ही बंद पडतात. कंट्रोल + सी आणि कंट्रोल + व्ही मात्र चालू राहतात. दिवसभर मराठीत लिहिणाऱ्या संपादकाने प्रत्येक टिपेसाठी कळफलकाची भाषा बदलावी, हे मला मुळीच मान्य नाही. यावर उपाय काय?

नौपाडा_जावास्क्रिप्ट
आपला प्रोग्राम बहुधा इव्हेंटचा, म्हणजे कळ दाबल्यावर ब्राउझर देत असलेल्या सूचनेचा, ‘की’ हा गुणधर्म तपासत असावा. हा गुणधर्म निवडलेल्या मांडणीनुसार त्या कळीचे अक्षर सांगतो. इनस्क्रिप्टमध्ये / च्या जागी य आहे आणि जे च्या जागी र आहे. के च्या कळीवर योगायोगाने क आहे, पण संगणकाच्या दृष्टीने तेही निराळेच अक्षर. कॉपी-पेस्ट चालते, कारण विंडोज प्रत्येक कळीला एक आभासी क्रमांक देते आणि मांडणी मराठी झाली तरी सी च्या कळीचा क्रमांक तोच राहतो. आपण ‘की’ऐवजी ‘कोड’ तपासा. तो अक्षर न सांगता कळफलकावरील जागा सांगतो.

वाशी_लोकलायझेशन
वरील निदान अचूक आहे, परंतु सरसकट ‘कोड’ वापरू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. फ्रेंच कळफलकावर आपल्या क्यू च्या जागी ए असतो, जर्मनवर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते. केवळ जागा पाहिली तर त्या लोकांचे शॉर्टकट बिघडतील. म्हणून आधी ‘की’ पाहावी, ती रोमन अक्षर असेल तर तीच ग्राह्य धरावी आणि ती देवनागरी, रशियन किंवा अन्य लिपीतील असेल तरच ‘कोड’कडे वळावे.

चिन्हांना मात्र हा नियमही पुरत नाही. जर्मन कळफलकावर / साठी शिफ्ट + ७ दाबावे लागते आणि आपल्या / च्या जागी तेथे - असते. त्यामुळे टिपेसाठी / सोडून एखादी फंक्शन कळ घ्यावी, कारण ती सर्व मांडण्यांत सारखीच असते. तिच्याऐवजी कंट्रोल + आल्टची जोडी घेऊ नका. विंडोज उजव्या आल्टला, म्हणजे आल्टजीआरला, कंट्रोल + आल्टच समजते. इंग्रजी (भारत) मांडणीत आल्टजीआर + ४ ने ₹ उमटतो, आणि आपण ती जोडी अडवली तर संपादकाला रुपयाचे चिन्हच लिहिता येणार नाही.

कळवा_मुद्रितशोधक
मी फोनेटिक पद्धतीने, म्हणजे रोमन अक्षरे दाबून उच्चारानुसार मराठी, लिहिते. शब्द जुळत असताना दाबलेल्या कळा शॉर्टकट समजल्या गेल्या तर लिहिणे अशक्य होते, म्हणून ‘इजकम्पोझिंग’ (शब्द अजून जुळत आहे, हे सांगणारा इव्हेंटचा गुणधर्म) खरे असेपर्यंत आपल्या साधनाने शॉर्टकटकडे दुर्लक्ष करावे. नुसत्या जे सारखे एकाक्षरी शॉर्टकट बंद करण्याची किंवा बदलण्याची सोयही हवी. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांतील २.१.४ हा निकष नेमका याविषयीच आहे.

ऐरोलीकर
सर्वांचे मनापासून आभार. आधी ‘की’ आणि मग ‘कोड’ हा क्रम लावल्यावर कंट्रोल + के इनस्क्रिप्टमध्ये चालू लागले. टीप एफ८ वर नेली आहे. एकाक्षरी शॉर्टकट सुरुवातीला बंद ठेवून सेटिंगमधून चालू करण्याची सोय देत आहोत.