सहा वर्षांच्या मुलाला जगलिंग कसं शिकवू?

प्रश्न: सर्कस पाहून आल्यापासून लेक कांदे-बटाटे हवेत उडवतोय. तीन चेंडू आणून दिले, तर दहा मिनिटांत रडारड. शिवाय चालताना उंबऱ्याला अडखळतो तो वेगळाच. सुरुवात कुठून करू?

उत्तर: चेंडू आधी काढून घ्या! मी बालवाडीत शिकवते. जुन्या शिफॉनच्या ओढणीचे मोठ्या रुमालाएवढे तुकडे करा. ते तरंगत येतात, पोराला बघून पकडायला वेळ मिळतो. आधी एक, मग दोन. तिसऱ्याची घाई नको. पुढे मोज्यात मूठभर तांदूळ भरून गाठ मारा. पडला तरी पलंगाखाली घरंगळत नाही.
तोलासाठी मोरपीस. तळहातावर उभं करायचं आणि नजर वरच्या डोळ्यावर ठेवायची. हाताकडे पाहिलं की पडलंच. आमच्या वर्गातली एक चिमुरडी तेव्हा जीभ बाहेर काढून, श्वास रोखून उभी राहते.

उत्तर: त्याला पलंगाकडे तोंड करून उभं करा. पडलेलं उचलायला वाकावं लागत नाही. (त्याची नाही, तुमची कंबर वाचते.)

प्रश्नकर्ती: ओढणी कापली. सासूबाईंची निघाली! दोन रुमाल जमतात आता. मोरपिसावरून मात्र बापलेकांची रोज भांडणं.